फेल्स्कूनच्या मागावर : केप टाऊन ते कॅल्व्हिनिया, सात दिवस

दक्षिण आफ्रिकेत चामड्याच्या साध्या, घोट्यापर्यंतच्या, अस्तर नसलेल्या जोड्याला इंग्रजी पाट्यांवर ‘वेल्डस्कून’ लिहिलेलं दिसतं, बोलताना मात्र ‘फेल्स्कून’ ऐकू येतं, आणि लाडानं सगळेच ‘फेली’ म्हणतात. आफ्रिकान्समध्ये, म्हणजे डचमधून इथं घडलेल्या भाषेत, शब्दाच्या सुरुवातीच्या ‘व्ही’चा उच्चार ‘फ’ होतो, म्हणून हा घोळ. या एका जोड्याभोवती जमलेले शब्द त्यांच्या गावी जाऊन बघायचे असतील तर सात दिवस आणि एक बऱ्यापैकी उंच गाडी पुरते. रस्त्याची बाजू आपल्यासारखीच डावी. भाड्याच्या गाडीसाठी आपल्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवानाही जवळ ठेवावा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गेलात तर वाटेत रानफुलांचा हंगाम मिळतो. डिसेंबर-जानेवारीत क्लॅनविल्यमच्या बाजूला ऊन भाजून काढतं.

दिवस पहिला : केप टाऊन

सुरुवात जोड्यांच्या दुकानापासून करू नये. अ‍ॅडर्ली स्ट्रीटच्या टोकाला ‘स्लेव्ह लॉज’ आहे, तिथून करावी. 1679 साली डच ईस्ट इंडिया कंपनीनं आपल्या गुलामांना कोंडून ठेवायला बांधलेली ही इमारत आज संग्रहालय आहे. केपला आणलेल्या गुलामांत बंगाल, कोरोमंडल आणि मलबारच्या किनाऱ्यावरची माणसं मोठ्या संख्येनं होती. इंडोनेशियाची बेटं, मादागास्कर आणि मोझांबिकचीही होती. त्यांना जोडे घालायची मुभा नसे. पायात जोडा म्हणजे माणूस स्वतंत्र, अनवाणी म्हणजे गुलाम, इतका सरळ हिशेब होता. आफ्रिकान्समध्ये अनवाणीला ‘काल्फूत’ म्हणतात, ‘काल’ म्हणजे उघडा आणि ‘फूत’ म्हणजे पाय. आज हा शब्द सुट्टीत गवतावर धावणाऱ्या पोरांसाठी हसत वापरला जातो, त्यामुळे आधी लॉज बघून मग तो ऐकला तर जरा वेगळा लागतो.

जोडा मुळात कोणाचा, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी ‘बोअर शेतकऱ्यांचा’ असं मिळेल. ते अर्धंच खरं. केपला वस्ती झाली 1652 मध्ये. युरोपातून आणलेले जोडे खडकाळ माळावर टिकत नव्हते आणि नवे यायला महिनोन् महिने लागत. इथले खोइखोइ पशुपालक जनावराच्या कातड्याची साधी पायताणं करत होते. त्याच नमुन्यावरून गोऱ्या शेतकऱ्यांनी आपला जोडा बेतला, असं मानलं जातं. नाव डच, घाट इथला.

दुपारी बो-काप या मुस्लीम वस्तीत चढून जावं. रंगीत घरांचे फोटो सगळेच काढतात. शब्दांच्या माणसाला तिथं दुसरंच काही आहे. आफ्रिकान्स ही केवळ गोऱ्यांची भाषा हा समज इथं गळून पडतो. केपचे मुसलमान ती अरबी लिपीत लिहीत होते. अबू बकर एफेंदी यांचं धर्मशास्त्रावरचं ‘बयानुद्दीन’ हे पुस्तक 1877 साली इस्तंबूलमध्ये छापलं गेलं, ते अरबी अक्षरांतल्या आफ्रिकान्समध्ये. याच वाटेनं चामड्याचा एक शब्द आला जो मराठी कानाला लगेच पकडता येतो: ‘शाम्बॉक’, म्हणजे जाड कातड्याचा कोरडा. मूळ फारसी ‘चाबुक’, तो मलाय भाषेत गेला आणि तिथून केपला. आपला चाबूक याच घरातला.

केप टाऊनमध्ये रत्नागिरी आणि आजच्या रायगडाकडून गेलेल्या कोकणी मुसलमानांच्या काही पिढ्या आहेत. भाषाशास्त्रज्ञ राजेंद मेस्त्री यांनी त्यांच्या कोकणीचा अभ्यास केला आहे. आपल्या बोलीला आफ्रिकान्सचा शेजार कसा लागला हे बघायचं असेल, तर तो धागा वेगळा आणि मोठा आहे. या सात दिवसांत बसत नाही.

दिवस दुसरा : पार्ल

एन-1 महामार्गानं साठेक किलोमीटर. गावात पास्टोरी अ‍ॅव्हेन्यूवर भाषेचं संग्रहालय आहे, गिडिऑन मालहर्ब यांच्या घरात. याच घरात 14 ऑगस्ट 1875 ला आफ्रिकान्ससाठी झटणारी मंडळी जमली आणि त्यांनी संस्था काढली; पुढच्या जानेवारीत त्यांचं ‘दी पॅट्रिऑट’ हे पत्र निघालं. 1925 मध्ये आफ्रिकान्सला अधिकृत दर्जा मिळाला. डोंगरावरचं उंच स्मारक 1975 चं. स्मारक लांबून बघितलं तरी चालेल, घर मात्र चुकवू नये.

इथं बसून ‘फेल्स्कून’ सोडवायला घ्यावा. दुसरा तुकडा सोपा आहे. डचमध्ये जोडा म्हणजे ‘स्खून’; आफ्रिकान्सनं तो घशातला ‘ख’ टाकून ‘स्कून’ केलं. अनेकवचन ‘स्कूनऽ’, शेवटी ओझरता अकार. लहान जोडा ‘स्कुइंकी’. लिहिलेलं रूप बघून हा उच्चार कोणालाही सुचणार नाही, कारण लघुत्वाचा प्रत्यय लागताना आतले स्वर-व्यंजन सगळे सरकतात.

वाद पहिल्या तुकड्याचा. ‘फेल’ म्हणजे कातडं. ‘फेल्त’ म्हणजे माळरान. लिहिताना शेवटी ‘ड’, उच्चारात ‘त’. म्हणजे हा ‘कातडी जोडा’ की ‘माळावरचा जोडा’? दोन्ही रूपं कोशात आहेत आणि दोन्ही लेखनं चालतात. कान इथं निवाडा देऊ शकत नाही, कारण ‘फेल्त-स्कून’ भरभर म्हटलं की ‘त’ आणि ‘स’ एकमेकांत मिसळतात आणि उरतं ते ‘फेल्स्कून’च. आधी ‘कातडं’ होतं आणि मागाहून ‘माळ’ चिकटला, हे मत आम्हाला पटतं. माळावर घालायचा जोडा हे इतकं उघड वाटतं की लोक कानावर पडलेल्या शब्दात नसलेला ‘ड’ लिहू लागले. उलट दिशेनं, ‘माळा’चं ‘कातडं’ होण्याचं असं कारण दिसत नाही.

‘फेल’चा आणखी एक अर्थ: कागदाचा ताव. चामड्याशी संबंधित बरेच शब्द असे दुहेरी-तिहेरी आहेत. ‘लीअर’ म्हणजे कमावलेलं चामडं, शिडीसुद्धा, आणि शिकणं-शिकवणं हेही. ‘लीस’ म्हणजे जोड्याचा फर्मा (ज्यावर ओढून जोडा घडवतात तो पायाच्या आकाराचा ठोकळा) आणि ‘वाचणे’ हे क्रियापदही. त्यामुळे ‘स्कूनमाकर, हाऊ योऊ बाय योऊ लीस’ ही म्हण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ‘चांभारा, तू आपलं वाचन कर’ अशी वाटू शकते. खरा अर्थ ‘आपल्या फर्म्यापाशीच राहा’. आपण ‘जेनु काम तेनु थाय’ म्हणतो तेच. आणखी एक: धीर करून एखाद्या कामाला हात घालणं म्हणजे ‘खट्याळ जोडे पायात चढवणं’. हा वाक्प्रचार डचांकडूनच आलेला आहे, पण इथं तो जास्त शोभतो.

दिवस तिसरा : माम्सबरी मार्गे क्लॅनविल्यम

आज गाडी हाकायची. पार्लहून माम्सबरी गाठून एन-7 धरायचा आणि उत्तरेला चालत राहायचं. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. रस्ता डांबरी आणि उत्तम. गव्हाची शेतं संपली की पीकेनीर्सक्लूफ घाट, खाली सिट्रसडालच्या संत्र्यांच्या बागा, मग ऑलिफांट्स नदीच्या कडेकडेनं क्लॅनविल्यम.

माम्सबरीला चहाला थांबण्याचं एक कारण आहे. या भागातले लोक ‘र’ जिभेच्या टोकानं न म्हणता घशातून घोळवतात, त्याला ‘ब्रय’ म्हणतात. आणि कातडं मळून-पिळून मऊ करण्याच्या कामालाही अगदी याच उच्चाराचा शब्द आहे, फक्त लेखन वेगळं. विणकामालाही तोच. हे काम प्रत्यक्ष काय असतं ते सहाव्या दिवशी.

दिवस चौथा : क्लॅनविल्यम, जोडा कसा होतो

क्लॅनविल्यममध्ये हातानं फेली शिवण्याची परंपरा जुनी आहे. सकाळी लवकर जावं. दुपारनंतर उकाड्यात काम मंदावतं. बघायला परवानगी विचारावी, आणि शिवणाऱ्याच्या कोपराच्या बाजूला उभं राहू नये, कारण टाका ओढताना दोन्ही हात पूर्ण लांब जातात.

फेलीचे भाग मोजकेच. पुढचा तुकडा, ज्यातूनच जीभ निघते. मागचे दोन बाजूचे तुकडे. खाली मधला तळ. त्याखाली रबराचा तळ. आणि दोन किंवा तीन जोड भोकांतून जाणारी नाडी. अस्तर नाही, पंजात भरण नाही, खिळा नाही. भागांची नावंही घरगुती: पंजाला ‘नाक’, जिभेला ‘टोंग’ म्हणजे जीभच, तळाला ‘सूल’, टाचेला ‘हाक’. आरीला ‘एल्स’.

पहिलं काम कापणं, आणि निम्मे जोडे इथंच बिघडतात. कातड्याचा पाठीकडचा भाग घट्ट असतो, पोटाकडचा सैल. पुढचा तुकडा पाठीतूनच काढायचा, कारण चालताना सगळी घडी त्यावर पडते. पोटाकडून काढला तर दोन महिन्यांत जोडा पिशवीसारखा होतो. शिवाय डाव्या-उजव्या पायाचे तुकडे कातड्याच्या एकाच भागातून, एकाच दिशेनं बेतावे लागतात. नाहीतर एक जोडा ताणतो, दुसरा ताणत नाही, आणि जोडी विजोड होते. दुकानात हे तपासणं सोपं आहे. दोन्ही जोडे हातात घेऊन पंजे सारख्याच जोरानं दाबायचे, सुरकुत्या सारख्या पडल्या पाहिजेत.

मग बाजूचे तुकडे पुढच्या तुकड्यावर शिवतात. हा जोड पायाच्या सर्वात रुंद भागाच्या मागे येतो, आणि त्याच्या दोन्ही टोकांना उलट टाके घेऊन गाठ मारतात. फेली उसवायला लागते ती बहुधा इथूनच. तयार झालेला वरचा भाग ओलसर करून फर्म्यावर ओढतात. कोरडाच ओढला तर पंजाशी चुण्या राहतात, फार ओला असला तर वाळताना आखडून भोकं ताणली जातात.

आता या जोड्याचं खरं वैशिष्ट्य. आपल्या ओळखीच्या बुटात वरच्या चामड्याची कड फर्म्याखाली आत वळवतात आणि तळ त्यावर चिकटवतात किंवा शिवतात. फेलीत कड बाहेर वळवतात. जोड्याभोवती बोटाच्या पेराएवढी झालर पसरते, ती मधल्या तळावर टेकते आणि दोन्हींतून आरपार टाका जातो. टाका वरून उघडा दिसतो. हा आळशीपणा नाही. आत कड नसल्यामुळे पायाखाली गाठ किंवा उंचवटा येत नाही, जोडा वाकायला मोकळा राहतो, वाळू-पाणी झालरीवरून बाहेर ओघळतं, आणि शिवण तुटली तर माळावर बसल्या बसल्या आरी आणि दोऱ्यानं परत घालता येते. इंग्लंडमध्ये नॉर्दॅम्प्टनच्या बूटवाल्यांनी ही बाहेर वळवायची रीत उचलली, आत वळवलेलं अस्तर आणि बाहेर वळवलेलं चामडं असे दोन थर करून पाणी न शिरणारे जड बूट केले आणि त्यांना नावही ‘वेल्टस्कून’ असंच ठेवलं. म्हणजे केपच्या माळावरच्या जोड्याचं नाव तिथं शिवणीच्या प्रकाराचं नाव होऊन बसलं.

झालरीतला टाका कडेपासून किती आत आहे ते नक्की बघावं. चार-पाच मिलिमीटर असेल तर ठीक. दोनच मिलिमीटर ठेवलं की कड फाटून टाका बाहेर येतो. फार आत, म्हणजे जोड्याच्या भिंतीला चिकटून घेतला, तर चालताना भिंत वाकते तिथंच दोरा घासला जातो. टाके मोठे असले तर बिघडत नाही. फार बारीक टाके उलट वाईट, कारण भोकांची रांग कागदाच्या पावतीसारखी फाडरेघ होते.

शिवून झाल्यावर झालर कापून सारखी करतात, रबराचा तळ लावतात आणि जोडा फर्म्यावरच ठेवतात. घाई होते ती इथं. चामडं पूर्ण वाळायच्या आत फर्मा काढला तर टाच आत ओढली जाते, आणि मग गिऱ्हाईक म्हणतं की नंबर चुकला.

चामड्याबद्दल दोन शब्द. कुडू या मोठ्या हरणाचं चामडं फेलीसाठी नावाजलेलं आहे: वजनाला हलकं, चिवट. जनावर रानातलं असल्यामुळे काटेरी झुडपांचे ओरखडे त्यावर असतातच. ते दोष नव्हेत. ओरखडा पंजाच्या घडीवर आडवा आला असेल तेवढं टाळावं. गाईबैलांचं चामडं जास्त जाड आणि एकसारखं मिळतं. कसं कमावलंय ते कापलेल्या कडेवरून कळतं. आतून निळसर-राखी झाक असेल तर क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं, तपकिरी असेल तर झाडाच्या सालीनं. सालीच्या चामड्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो पटकन मुरून डाग गडद होतो.

दिवस पाचवा : पाकहाउस घाट आणि वूपरथाल

आर-364 नं पूर्वेला निघालं की पाकहाउस घाट लागतो. थॉमस बेन यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेला. घाटात एका कपारीत कवी सी. लुई लायपोल्ट यांची समाधी आहे; 1947 मध्ये वारले, रक्षा इथं ठेवली. त्यांचे आजोबा योहान गॉटलीब लायपोल्ट हे वूपरथाल वसवणाऱ्या दोन मिशनऱ्यांपैकी एक, म्हणजे रस्ता बरोबर आहे.

वाटेत खडकांमध्ये हिवाळ्यात जमिनीला चिकटलेली दोन रुंद, जाड पानं दिसली तर थांबावं. ‘फेल्स्कूनब्लार’, फेल्स्कूनचं पान. कोणीतरी जोड्याचे दोन तळ काढून ठेवल्यासारखी ती दिसतात. लाल फूल उन्हाळ्याच्या शेवटाला येतं तेव्हा पान नसतं आणि पान असतं तेव्हा फूल नसतं. फुलाचं सोडून पानावरून नाव ठेवणारी माणसं जोडे शिवणारी असणार.

डांबर संपल्यावर वूपरथालचा फाटा येतो. तिथून तीस-पस्तीस किलोमीटर कच्चा रस्ता, शेवटी तीव्र उतार. क्लॅनविल्यमपासून एकूण सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, पण दोन तास धरावेत. टायरमधली हवा थोडी कमी करावी, जादा चाक तपासून घ्यावं, पेट्रोल क्लॅनविल्यमलाच भरावं. पाऊस झाला असेल तर गावातून कोणाला तरी फोनवर विचारल्याशिवाय उतरू नये. रविवारी जाऊ नये. गाव देवळात असतं आणि बाकी सगळं बंद.

ट्राट्रा नदीच्या काठी पांढरी घरं, गवती छपरं, एक चर्च. 1830 मध्ये जर्मनीच्या र्‍हाइन मिशनचे तेओबाल्ड फोन वुर्म्ब आणि लायपोल्ट इथं आले आणि त्यांनी आपल्याकडच्या वूपर नदीचं नाव दिलं. गंमत अशी की जर्मनीतल्या आजच्या वुपरटाल शहराला हे नाव 1930 मध्ये मिळालं. आफ्रिकेतलं खेडं शंभर वर्षांनी थोरलं. 1965 पासून गाव मोरेव्हियन चर्चकडे आहे.

मिशननं सुरुवातीच्या वर्षांतच इथं कातडं कमावणं आणि जोडे शिवणं सुरू केलं. 1 डिसेंबर 1838 ला केपमधले गुलाम खऱ्या अर्थानं सुटले (कायदा 1834 मध्ये लागू झाला, पण वर चार वर्षांची ‘उमेदवारी’ लादलेली होती). सुटलेल्यांपैकी काही कुटुंबं वूपरथालला येऊन राहिली. ज्यांना कालपर्यंत जोडा घालायची बंदी होती ती माणसं या दरीत जोडे करू लागली, आणि ‘वूपरथालचा फेल्स्कून’ हे नाव त्यांच्या हातावर झालं. पहिल्या दिवशी स्लेव्ह लॉज बघायला सांगितलं ते यासाठी.

30 डिसेंबर 2018 ला लागलेल्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला. गवती छपरं, उन्हाळा आणि वारा. एका घरावरून दुसऱ्यावर जायला आगीला वेळ लागला नाही. चर्च वाचलं. कारागिरी बघायची असेल तर काम चालू आहे का ते निघण्याआधी विचारावं. नसलं तरी रूइबॉस चहा पिऊन गावातून चालत एक फेरी मारण्याजोगं हे ठिकाण आहे.

कमावण्याची जुनी रीत इथंच समजून घ्यावी, कारण लागणारी झाडं आजूबाजूला दिसतात. कमावण्याला आफ्रिकान्समध्ये ‘लोय’ म्हणतात. केपमध्ये वाबूम आणि क्रपलहाउट या डोंगरी झाडांची साल वापरत. वाबूम म्हणजे ‘गाडीचं झाड’, त्याचं लाकूड बैलगाड्यांना लागे म्हणून. पद्धत आपल्याकडच्यासारखीच: कातडं भिजवायचं, चुन्यात किंवा राखेत ठेवून केस सोडवायचे, मांसाकडची बाजू खरवडायची, चुना पूर्ण धुऊन काढायचा आणि मग सालीच्या पाण्यात उतरवायचं. पाणी आधी पातळ, मग दर काही दिवसांनी कडक. सुरुवातीलाच कडक पाण्यात टाकलं तर वरचे थर लगेच आवळतात आणि आतवर साल पोचतच नाही. बाहेरून तयार दिसणारं चामडं आत कच्चं राहतं आणि पावसात सडतं. तपासायचं कसं? एक कोपरा कापून छेद बघायचा. मध्ये फिकट रेघ दिसली की अजून वेळ आहे. जाड तळाच्या चामड्याला यात महिने जातात.

कोल्हापूरकडे याच कामाला बाभळीची साल आणि हिरडा, आणि जुन्या रीतीत कातड्याचीच पिशवी शिवून, तिच्यात सालीचं पाणी भरून ती टांगून ठेवत. झाडं वेगळी, काम तेच. पुढे दक्षिण आफ्रिकेत ऑस्ट्रेलियातून आलेल्या काळ्या वॅटलच्या लागवडी झाल्या, मुख्यतः पूर्वेकडच्या नाताळ प्रांतात. हा वॅटल आपल्या बाभळीचा लांबचा भाऊबंद. त्याच्या सालीचा अर्क भारतातल्या चामड्याच्या कारखान्यांनी वर्षानुवर्षं मागवला आहे. बाजारात त्याला ‘मिमोसा’ म्हणतात. म्हणजे आपल्या पायातल्या एखाद्या वहाणेत आफ्रिकेची साल असण्याची शक्यता बरीच आहे.

दिवस सहावा : कॅल्व्हिनिया, वादीची गोष्ट

फाट्यावर परत येऊन आर-364 नंच पुढे, बॉटरक्लूफ घाटातून वर कारूच्या पठारावर. बराचसा कच्चा, पण बरा. कॅल्व्हिनिया हे मेंढरांचं गाव. पाण्याच्या टाकीपासून केलेली अवाढव्य लाल पत्रपेटी सगळे बघतात. आपण संग्रहालयात जावं, जे जुन्या सिनॅगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात आहे. कारूत एके काळी ज्यू फेरीवाले शेतोशेती फिरत, सुई-दोरा-कापड देत आणि कातडी, लोकर घेत. त्यांना ‘स्मऊस’ म्हणत.

इथला शब्द ‘रीम’, म्हणजे वादी, कातड्याची लांब पट्टी. बारीक वादी ‘रीम्पी’. जुन्या घरांतल्या खुर्च्या-बाकांची बैठक रीम्पींची विणलेली असते, आपल्या बाजेसारखी. फेलीची मूळ नाडी रीम्पीचीच, आणि जुन्या काळी शिवणही तिचीच. बैलगाड्यांच्या जमान्यात तर रीमशिवाय काहीच हलत नसे.

करायची रीत अशी. बैलाचं कातडं केस खरवडून ओलं असतानाच पसरायचं. कडेपासून सुरुवात करून गोल गोल आत कापत जायचं, दोन-तीन बोटं रुंद, सुरी न उचलता; अख्ख्या कातड्यातून एकच लांबलचक पट्टी निघते. कापताना कडेला एक जरी खाच पडली तरी वादी पुढे तिथूनच तुटणार, म्हणून कोपरे आधीच गोलवून घेतात. मग एक उंच खांब, त्यावर आडवं लाकूड: हा ‘ब्रयपाल’. पट्टीचे वेढे आडव्या लाकडावरून खाली सोडायचे आणि खालच्या टोकाला जड दगड अडकवायचा. वेढ्यांत दांडा घालून गोल फिरवायचं. वेढे पिळले जातात, दगड वर चढतो. दांडा उपसला की दगड गरगर फिरत खाली येतो आणि पीळ सुटतो. परत उलट्या दिशेनं. मधून मधून चरबी चोपडायची आणि वेढे थोडे सरकवायचे, म्हणजे वरच्या लाकडावर येणारा भाग बदलतो. नाही सरकवले तर तेवढेच तुकडे कच्चे राहून कडक होतात. असं काही दिवस. उन्हात केलं तर चरबी मुरायच्या आत कातडं वाळून शिंगासारखं होतं, म्हणून सावलीत. दांडा उपसताना माणसानं बाजूला होणं आलंच.

हीच ती ‘ब्रय’ची क्रिया. इथं चामडं कमावलेलं नसतं, फक्त चरबी आणि पिळण्यानं मऊ झालेलं असतं. त्यामुळे रीम्पीची नाडी पावसात भिजून तशीच वाळली तर काडीसारखी ताठ होते. उपाय: ओलसर असतानाच चरबी किंवा मेण चोळून बोटांनी मळत राहायचं.

या शब्दानं भाषेत बरंच काम केलंय. कोणाला धीर देणं म्हणजे ‘त्याच्या काळजाखाली रीम सरकवणं’. आणि दुसऱ्याच्या चामड्यातून रुंद वाद्या कापणं सोपं, असं म्हणतात, म्हणजे लोकाच्या मालावर उदार होणं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! आपल्याकडे मिठाई, त्यांच्याकडे कातडं.

दिवस सातवा : परतीचा रस्ता आणि खरेदी

नकाशावर कॅल्व्हिनियाहून सेरेसला जाणारा आर-355 मोह पाडतो. अडीचशे किलोमीटर कच्चा, मध्ये एकही गाव नाही, आणि पाटीच्या दगडासारखे धारदार कपचे. दोन जादा चाकं आणि भरपूर पाणी नसेल तर नको. आर-27 नं व्हानऱ्हाइन्सडोर्पला उतरून एन-7 धरावा. लांब पडतो, पण संध्याकाळी केप टाऊनला पोचवतो.

फेली घ्यायची तर क्लॅनविल्यमलाच घेतलेली बरी. शहरात रंगीत तळाच्या, पेस्टल नाड्यांच्या फेली भरपूर मिळतात, दिसायला छान, पण त्यांतल्या काहींत वरचा टाका नुसता नक्षीचा असतो आणि तळ चिकटवलेला. झालर नखानं उचलून बघावी: दोरा मधल्या तळातून खालपर्यंत गेला पाहिजे. आणि शब्द नीट वापरावेत. दुकानात ‘प्लाकी’ मागितलीत तर रबरी स्लीपर मिळेल, ‘टेकी’ म्हटलंत तर कॅनव्हासचे बूट.

नंबर आपल्यासारखेच, ब्रिटिश मापाचे. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, ज्या मोज्यांवर घालणार ते घालून बघावं. अस्तर नसल्यामुळे जोडा रुंदीला अर्ध्या नंबराइतका सैलावतो, लांबीला नाही. म्हणून पंजा बाजूंनी किंचित आवळला तर चालेल. अंगठा पुढे टेकत असेल तर तो जोडा आपला नव्हे. टाच पहिल्या दिवशी थोडी उचलली जाते, ती चार दिवसांत बसते.

घरी आणल्यावर शत्रू ऊन नाही, दमट हवा. कारूच्या कोरड्या हवेसाठी बेतलेला हा जोडा कोकणात जूनमध्ये कपाटात ठेवला तर आठ दिवसांत पांढरी बुरशी धरतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून उघड्यावर ठेवावा, बोळे दोन दिवसांनी बदलावेत. बुरशी आलीच तर कोरड्या ब्रशनं घराबाहेर झटकून मग ओल्या फडक्यानं पुसावं. भिजला तर सावलीत वाळवायचा. हीटर किंवा गॅसजवळ ठेवला की झालर वाकडी होऊन तळापासून सुटते. खरखरीत चामड्याला पॉलिश लावू नये. गुळगुळीत असेल तर दोन-तीन महिन्यांनी मेणाचा हलका हात पुरे.

शिवण गेली तर जोडा टाकायचं कारण नाही. टाका बाहेरच असल्यामुळे आपल्याकडचा कोपऱ्यावरचा चांभारही तो घालू शकतो, फर्मा लागत नाही. त्याला एवढंच सांगायचं: आरी जुन्याच भोकांतून घाल, नवी भोकं पाडू नकोस, आणि नायलॉनच्या पातळ दोऱ्याऐवजी मेण लावलेला जाड दोरा घे.